राखेखाली राजधानी, मैदानावर देश



विश्वचषक फुटबॉलचे दिवस आले की आपल्या वस्तीतली पोरे रात्र रात्र जागतात. कोणी ब्राझीलचा, कोणी अर्जेंटिनाचा, कोणी जर्मनीचा. गल्लीत पैजा लागतात. जिंकणाऱ्याच्या बाजूने उभे राहणे सोपे असते, त्याला कोणी दोषही देणार नाही. आज मात्र मी अशा एका संघाची हकिकत सांगणार आहे, की ज्याचा चाहता आपल्या भागात शोधून सापडणार नाही. हा संघ विश्वचषकात एकदाही खेळलेला नाही. एके काळी जगातल्या फुटबॉल संघांच्या यादीत तो अगदी तळाला होता. तरीही त्याची गोष्ट प्रत्येक कष्टकरी घरात सांगितली जावी असे मला वाटते. का, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

या संघाचे नाव माँटसेराट. कॅरिबियन समुद्रातले हे एक चिमुकले बेट. व्हिव रिचर्ड्सचे अँटिग्वा आपल्या क्रिकेटवेड्यांना माहीत आहे, त्याच्याच शेजारी हे बेट आहे. क्षेत्रफळ फक्त १०२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. क्रिकेटमध्ये अशी अनेक बेटे मिळून ‘वेस्ट इंडीज’ या एकाच नावाने उतरतात. याच माँटसेराटचा लायोनेल बेकर २००८ साली वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळला. या बेटाला कसोटी खेळाडू मिळाला तो हा पहिलाच. फुटबॉलमध्ये मात्र तसे नाही. तिथे प्रत्येक बेट आपापला संघ घेऊन, आपापला झेंडा घेऊन उतरते.

या बेटावरचे बहुतेक लोक कोण? ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून साखळदंडात बांधून आणले, उसाच्या मळ्यांवर जनावरासारखे राबवले, त्यांचे हे वंशज. मळेवाल्यांत आयर्लंडहून आलेले पुष्कळ होते. १७६८ साली गुलामांनी उठावाचा बेत केला आणि त्यासाठी दिवस निवडला १७ मार्च. तो आयरिश लोकांचा सणाचा दिवस. मालक मेजवानीत गुंग असतील असा हिशेब होता. बेत फुटला आणि नऊ जणांना मृत्युदंड झाला. गुलामगिरी कायद्याने संपायला १८३४ साल उजाडावे लागले. आज १७ मार्चला माँटसेराटमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, आणि ती मालकांच्या सणापुरती नसते, फाशी गेलेल्यांच्या आठवणीचीही असते. बेट मात्र अजूनही ब्रिटनच्याच अखत्यारीत आहे. तो स्वतंत्र देश नाही.

आता संकटांकडे वळू. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो नावाच्या चक्रीवादळाने बेटावरची बहुतेक घरे मोडली. लोकांनी पुन्हा विटा रचल्या, पत्रे ठोकले. संसार जरा कुठे सावरतोय तोच १८ जुलै १९९५ रोजी दक्षिणेकडचा सूफ्रियर हिल्स हा ज्वालामुखी जागा झाला. माणसांच्या आठवणीत तो कधी पेटलेला नव्हता. राजधानी प्लिमथ रिकामी करावी लागली. लोक परतले, पुन्हा निघाले, आणि १९९६ साली घराला कायमचे कुलूप लावून गेले. २५ जून १९९७ रोजी तापलेले वायू, राख आणि दगड यांचा लोंढा डोंगरावरून सुटला आणि त्यात १९ जण दगावले. बंदी असलेल्या भागात आपली शेती बघायला गेलेले शेतकरी त्यांत होते. शेती सोडली तर खायचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्याच वर्षी विमानतळही गेला. राजधानीचे रस्ते, कचेऱ्या, चर्च आणि जिथे सामने होत ते स्टर्ज पार्क मैदान, सगळे राखेत आणि चिखलात बुडाले. कागदोपत्री माँटसेराटची राजधानी आजही प्लिमथच आहे, पण तिथे एकही माणूस राहत नाही.

सुमारे ११ हजार लोकवस्तीचे बेट. त्यातले दोन तृतीयांश लोक बाहेर पडले. कोणी अँटिग्वाला गेले, बरेच इंग्लंडला गेले. मागे उरले ते बेटाच्या उत्तर टोकाला, सुरुवातीला शाळांतून आणि चर्चमधून दाटीवाटीने राहिले. मदत मागितली तेव्हा काय ऐकून घ्यावे लागले? ऑगस्ट १९९७ मध्ये ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी, हे लोक पुढे सोन्याचे हत्तीही मागतील, अशा अर्थाचा शेरा मारला. त्यावर मोठा गदारोळ झाला. घर गेलेल्या माणसाला मदतीपेक्षा असा टोमणा जास्त दिवस लक्षात राहतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या अवस्थेत फुटबॉल कोण खेळणार? पण त्यांनी खेळायचे सोडले नाही. १९९५ साली, ज्वालामुखी ज्या वर्षी पेटला त्याच वर्षी, या संघाने शेजारच्या अँग्विला बेटाला हरवले होते. त्यानंतर लवकरच माँटसेराटला फिफाचे, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचे सभासदत्व मिळाले. फिफाचा नियम असा की सभासद मोठा असो वा छोटा, प्रत्येकाला एकच मत. ब्राझीलला एक मत आणि ज्याची राजधानी राखेखाली गेली त्या माँटसेराटलाही एकच. आज तिथली लोकसंख्या पाच हजारांपेक्षा कमी आहे. फिफाच्या सभासदांत याहून कमी वस्तीचा कोणीही नाही. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या चाळीच्या कंपाउंडात भरतील एवढी माणसे, पण मताची किंमत तीच.

मी कारकून माणूस, बी.कॉम. शिकलेला. गोष्ट समजून घ्यायची तर आधी जमा-खर्च मांडतो. माँटसेराटच्या विश्वचषक पात्रता सामन्यांचा हिशेब असा आहे. केलेले गोल जमा धरा आणि खाल्लेले गोल खर्च.

सन २००० मध्ये पहिला प्रयत्न. डॉमिनिकन रिपब्लिकशी दोन सामने. घरचा म्हणून धरलेला सामनाही त्रिनिदादमध्ये खेळावा लागला, कारण घरी मैदानच नव्हते. जमा १, खर्च ६. सन २००४ मध्ये गाठ बर्म्युडाशी. पहिला सामना ०-१३, दुसरा ०-७. जमा शून्य, खर्च २०. सन २००८ मध्ये सुरिनामशी एकच सामना. जमा १, खर्च ७. सन २०११ मध्ये बेलीझशी दोन सामने. जमा ३, खर्च ८. चार प्रयत्न मिळून जमा ५ आणि खर्च ४१. कोणीही हिशेबनीस म्हणेल, दुकान बंद करा.

पण या खात्यात एक नोंद अशी आहे, जी गोलांत मोजता येत नाही. तारीख ३० जून २००२. त्या दिवशी जपानमध्ये ब्राझील आणि जर्मनी यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना होता. त्याच दिवशी भूतानची राजधानी थिम्फू इथे आणखी एक सामना झाला. हॉलंडचा संघ त्या विश्वचषकाला पात्र ठरला नव्हता. तिथल्या योहान क्रामर या फुटबॉलवेड्या चित्रपट दिग्दर्शकाच्या आणि त्याच्या सहकाऱ्याच्या मनात आले की, जगातले सर्वांत वरचे दोन संघ खेळतात, मग सर्वांत खालचे दोन का खेळू नयेत? यादीत भूतान २०२ वा आणि माँटसेराट २०३ वा, म्हणजे शेवटचा. भूतान हा हिमालयातला बौद्ध देश. त्यालाही पराभव नवा नव्हता, २००० साली कुवेतने त्याच्यावर २० गोल चढवले होते.

बेटावर तेव्हा विमानतळही नव्हता. आधी शेजारचे अँटिग्वा गाठायचे आणि तिथून पुढे अर्ध्या जगाचा प्रवास. समुद्रकाठची ही पोरे थिम्फूच्या जवळपास २३०० मीटर उंचीवर, विरळ हवेत धावली. भूतानने ४-० असा विजय मिळवला. चषक असा घडवला होता की त्याचे दोन भाग व्हावेत. एक भाग जिंकणाऱ्यांना मिळाला, दुसरा हरणाऱ्यांना. या सामन्यावर निघालेला माहितीपट नंतर देशोदेशी दाखवला गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रिटनने माँटसेराटच्या लोकांना पूर्ण नागरिकत्व दिले होते. कागदावर ते ब्रिटिश झाले होते, पण थिम्फूच्या मैदानावर त्यांची ओळख माँटसेराट हीच होती.

पुढे बेटाच्या उत्तरेला ब्लेक्स इस्टेट इथे नवे मैदान झाले. प्रेक्षक जेमतेम हजारभर मावतील एवढेच. २०१२ साली ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर ७-० असा विजय मिळाला. इंग्लंडात वाढलेली माँटसेराटच्या घरांतली पोरे संघात येऊ लागली. आईवडील किंवा आजी-आजोबा ज्या भूमीत जन्मले, तिच्याकडून खेळण्याची मुभा फिफाचा नियम देतो. न्यूकॅसल आणि टॉटनहॅमकडून खेळलेला रुएल फॉक्स त्याआधीच, २००४ साली, या संघाकडून उतरला होता आणि नंतर त्याचा प्रशिक्षकही झाला. २०१५ पासून लंडनला जन्मलेला लाइल टेलर या संघातून गोल करू लागला.

इथे एक शंका रास्त आहे. हे तर इंग्लंडचेच खेळाडू, मग हा बेटाचा संघ कसा? आणि बेटावर वाढणाऱ्या पोराच्या जागेचे काय? या शंकेत तथ्य आहे. एवढ्या लहान बेटावर तरुण पोरे मुळातच मोजकी, आणि त्यांना मिळणाऱ्या जागा आणखी कमी होतात. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आधी पोटासाठी आणि नंतर डोंगराच्या आगीमुळे माणसे परमुलखात गेली. गाव सोडणे ही त्यांची हौस नव्हती. लंडनच्या थंडीत आजीने नातवाला सांगितले असेल, आपले घर प्लिमथला होते. ते घर आता दाखवता येत नाही. नातवाने त्या गावाच्या नावाची जर्सी घातली, तर त्याला उपरा म्हणायचे कसे?

आता हिशेबाची पुढची पाने पाहा. २०१५ साली पात्रता फेरीत क्युरासाओशी दोन सामने झाले. त्या संघाचा प्रशिक्षक हॉलंडचा नामवंत पॅट्रिक क्लायव्हर्ट होता. माँटसेराट पहिल्या सामन्यात १-२ हरले आणि घरच्या मैदानावर २-२ बरोबरीत राहिले. जमा ३, खर्च ४. एका गोलाने गेले. २०१८ मध्ये स्कॉटलंडचा माजी खेळाडू विली डोनाकी प्रशिक्षक झाला. मार्च २०१९ मध्ये गोल्ड कप ही त्यांच्या खंडाची मोठी स्पर्धा हाताशी आली होती. एल साल्वाडोरचे गुण नऊ आणि माँटसेराटचेही नऊ. फक्त गोलफरकावर माँटसेराट बाहेर राहिले.

मग आले २०२१. करोनाचे दिवस होते. अँटिग्वाशी २-२ बरोबरी झाली. विश्वचषकात दोनदा खेळलेल्या आणि साठ लाखांवर लोकसंख्या असलेल्या एल साल्वाडोरशी १-१ बरोबरी. अमेरिकन व्हर्जिन बेटांवर ४-० आणि ग्रेनाडावर २-१ असे विजय. चार सामने आणि पराभव एकही नाही. जमा ९, खर्च ४. तरीही गटात एल साल्वाडोरचे १० गुण आणि माँटसेराटचे ८. पुढे जाणार पहिला एकटाच. एकही सामना न हरता हा संघ बाहेर पडला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली की क्युरासाओने जमैकाशी ०-० बरोबरी साधून २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. लोकसंख्या दीड लाखाच्या घरात. विश्वचषक गाठणारा इतका लहान देश यापूर्वी झालेला नाही. ज्या क्युरासाओपुढे माँटसेराट २०१५ च्या त्या फेरीत एका गोलाने हरले होते, तेच हे क्युरासाओ. माँटसेराटलाही एक दिवस असेच यश येईल असे मी म्हणणार नाही. पाच हजारांच्या आतल्या वस्तीला ते फार कठीण आहे. पण ०-२० आणि ९-४ हे दोन्ही आकडे एकाच संघाचे आहेत आणि त्यांच्यामध्ये सतरा वर्षे आहेत, एवढे मात्र वहीत लिहून ठेवावे.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी शाळेच्या मैदानातून हरून आली, गुणपत्रिकेवर लाल रेघ घेऊन आली, तर रागावण्याआधी भिंतीवरचा जगाचा नकाशा काढा. त्यात माँटसेराट शोधायला सांगा. ठिपका इतका लहान आहे की चष्मा लागेल. सापडला की ही हकिकत सांगा, आणि २००४ नंतर त्या पोरांनी खेळणे सोडले असते तर २०२१ ची नोंद कोणी केली असती, हेही विचारा.