पिशवीत बांधून आलेला रस्सा

थायलंडच्या राजधानीत, बँकॉक शहरात, कामगारांच्या भाड्याच्या पुष्कळ खोल्यांना स्वयंपाकघरच नसते. एक पलंग, एक न्हाणीघर आणि कपडे वाळत घालण्यापुरता सज्जा. कारखान्यात किंवा दुकानात दिवसभर राबून परतणारी बाई तेथे रात्री काय शिजवणार? ती गल्लीच्या तोंडावरच्या गाडीवरून जेवण पिशवीत बांधून आणते. अशा बाईला तिकडे 'प्लास्टिक पिशवीवाली गृहिणी' असे नाव पडले. नावात टोमणा आहे, आणि तो आम्हाला मुळीच पटत नाही. नवऱ्यालाही दोन हात असतात, पण त्याला कोणी 'पिशवीवाला' म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता तर गल्लीच्या तोंडापर्यंत जाण्याचीही गरज उरलेली नाही. मोबाईलवर बोट ठेवले की मोटारसायकलवाला दारात हजर होतो. असे जे मागवले जाते त्यात नूडल्सचा रस्सा, म्हणजे 'कुएतियाव', हा नेहमीचा. मूळचा हा चिनी स्थलांतरितांचा पदार्थ. १९३८ ते १९४४ या काळात पंतप्रधान असलेल्या फिबुन सोंगख्राम यांनी जनतेला तो खाण्याचा आणि विकण्याचाही आग्रह केला, पैसा देशातच खेळावा म्हणून. याच सरकारने चिनी व्यापाऱ्यांवर निर्बंध घातले होते, ही त्यातली गंमत!

मागवताना पहिला प्रश्न येतो तो शेवयांचा. तांदळाच्या बारीक शेवया 'सेन मी', मध्यम 'सेन लेक', रुंद पट्ट्यांसारख्या 'सेन याय'. गव्हाच्या आणि अंड्याच्या पिवळ्या त्या 'बा मी'. मुगाच्या सत्त्वापासून केलेल्या काचेसारख्या 'वुन सेन'. ही शेवई रस्सा इतका पिते की वाटेत वीस मिनिटे गेली तर वाडग्यात रस्सा उरत नाही, नुसता गोळा उरतो. म्हणून रस्सा वेगळा बांधायला सांगावे. तिकडे त्याला 'येक नाम' म्हणतात, म्हणजे पाणी वेगळे. दुकानदार रस्सा जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओततो, पिशवी हवेने फुगवतो आणि रबर अशा काही झटक्याने गुंडाळतो की थेंब सांडत नाही. ही कला कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. शेवया उकडून, लसणाच्या तेलात घोळवून दुसऱ्या पिशवीत येतात, म्हणजे त्या एकमेकींना चिकटत नाहीत. सोबत साखर, तिखट, मिरची घातलेला व्हिनेगार आणि माशाचे आंबवलेले पाणी, म्हणजे 'नाम प्ला', यांच्या चिमुकल्या पुड्या असतात. चव आपली आपण लावायची. स्वयंपाकिणीचा त्यात अपमान मानत नाहीत.

होडीतल्या नूडल्स म्हणून जो प्रकार प्रसिद्ध आहे, तो पूर्वी कालव्यांतून होड्यांवर विकला जाई. होडीतून काठावर वाडगा देताना सांडू नये म्हणून वाडगा लहान. त्याचा रस्सा दाट होण्यासाठी डुकराचे किंवा गाईचे रक्त घालतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच विचारून घ्यावे.

जेवणाआधीचे खाणे म्हणून ज्यांची यादी असते ते पदार्थ, म्हणजे तळलेले रोल, माशाच्या वड्या, काडीला लावून भाजलेले साते, खरे तर तिकडे आधी खायचे नसतातच. सगळे एकदम मांडायचे आणि मधोमध बसून वाटून घ्यायचे, ही तिथली रीत. सातेबरोबरच्या चटणीत शेंगदाणे असतात, हे ज्यांच्या मुलांना दाणे सोसत नाहीत त्यांनी ध्यानात ठेवावे. तळलेले पदार्थ बंद डब्यात वाफेने मऊ पडतात; डब्याला भोक असावे, किंवा दारात येताच झाकण उघडावे.

आता आणणाऱ्याविषयी. कंपन्या त्याला कामगार म्हणत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. पण गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, आणि पावसात घसरून पडला तर मोडलेले हाडही त्याचेच. ही कसली भागीदारी? दुकानदाराकडून बिलाच्या तीस टक्क्यांपर्यंत कमिशन कापले जाते, तेव्हा गाडीवर शेवया उकडणारी बाईही या हिशेबात भरडली जाते. २०२० साली सयाम कमर्शियल बँकेच्या समूहाने दुकानदारांकडून कमिशन न घेणारी 'रॉबिनहूड' ही सेवा काढली होती. तोटा साचत गेला आणि २०२४ साली समूहाने ती विकून टाकली. म्हणून आमचे म्हणणे असे की गाडी खालीच असेल तर स्वतः उतरावे आणि पैसे थेट त्या बाईच्या हातात द्यावेत. लांबून मागवायचेच असेल तर मजला, खोली आणि दाराची खूण नीट लिहावी, सुटे पैसे काढून ठेवावेत, आणि पाऊस लागला असेल तर चार नाणी वर द्यावीत. स्वयंपाक सुरू झाल्यावर मागणी रद्द करू नये.

चमचे आणि काड्या घरात असतील तर नको म्हणून कळवावे. १ जानेवारी २०२० पासून थायलंडमधील मोठ्या दुकानांनी पिशव्या देणे थांबवले खरे, पण त्याच वर्षी कोरोना आला आणि घरपोच जेवणाच्या डब्यापिशव्यांनी तो कचरा पुन्हा वाढवला.

रस्सा निवून आला आणि खोलीत चूल नसली तरी विजेची किटली असतेच. वाडग्यात उकळते पाणी ओतून थोडा वेळ ठेवावे, ते फेकून त्यात आधी शेवया आणि मग रस्सा घालावा. रबर मात्र कात्रीने कापू नये. सोडवून ठेवावे, उपयोगी पडते.