आवळा कोणाचा, कोहळा कोणाचा?

अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने २००८ साली एक योजना सुरू केली. एक डॉलरची नाणी लोकांच्या हाती खेळू लागावीत, म्हणून ती दर्शनी किमतीला आणि टपालखर्च न आकारता घरपोच देण्याचे ठरले. मागणी आली; परंतु ती व्यवहारासाठी नव्हती. काही हिशेबी गृहस्थांनी क्रेडिट कार्डावर हजारो नाणी मागविली, त्या खरेदीबद्दल विमानप्रवासाचे गुण पदरात पाडून घेतले आणि नाण्यांच्या पेट्या तशाच बँकेत भरून कार्डाचे देणे फेडले. अखेर २०११ च्या जुलै महिन्यात टांकसाळीने कार्डावर नाणी देणे बंद केले. पदरचा पैसा न वेचता विमानप्रवास घडला, याचे पुढे मोठे कौतुक झाले. नाण्यांची वाहतूक सरकारी खर्चाने झाली होती, ही गोष्ट त्या कौतुकात झाकली गेली.

याच वृत्तीचा दुसरा आविष्कार म्हणजे केवळ स्वागताची भेट मिळविण्यासाठी एकामागून एक कार्डे काढणे. नवे कार्ड घ्यावयाचे, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या रकमेची खरेदी करावयाची, गुण वा खरेदीचे कूपन हाती पडले की ते कार्ड बाजूस सारून दुसऱ्या बँकेचे दार ठोठवावयाचे, अशी ही रीत आहे. अमेरिकेत ती इतकी बोकाळली की, चोवीस महिन्यांत पाच कार्डे घेतलेल्या अर्जदाराला नवे कार्ड नाकारण्याचा प्रघात तेथील एका मोठ्या बँकेला पाडावा लागला. भारतातील क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या प्रारंभी दहा कोटींच्या पुढे गेली, आणि 'आजन्म निःशुल्क' कार्डाचे आमंत्रण आता मध्यमवर्गीयांच्या दारी रोजच येते. शाळेच्या शिक्षक-खोलीत आणि कचेरीतील मधल्या सुट्टीत कोणी किती गुण मिळविले, याच्या गोष्टी रंगू लागल्या आहेत.

बँका धर्मादाय संस्था नव्हेत. मग हे औदार्य येते कोठून? कार्डाच्या धंद्याचे उत्पन्न मुख्यतः तीन वाटांनी येते: ग्राहकाकडून मिळणारे वार्षिक व इतर शुल्क, दुकानदाराकडून प्रत्येक विक्रीमागे कापून घेतलेला अंश, आणि थकलेल्या रकमेवरील व्याज. यांपैकी पहिली वाट गुणांच्या मागे लागलेला मनुष्य शक्य तेवढी चुकवितो. भेटीचा भार उरतो तो दुसऱ्या दोन वाटांवर.

दुकानदार आपला कापला गेलेला अंश स्वतःच्या खिशातून सोसत नाही. जमेल तेवढा तो मालाच्या किमतीत मिसळतो. किंमत मात्र सर्वांना एकच असते. कार्डाने पैसे देणाऱ्यास त्यातील काही भाग गुणांच्या रूपाने परत मिळतो. रोखीने देणाऱ्यास काहीच मिळत नाही. बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिकेपुरता याचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने, रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाकडून वर्षाला १४९ डॉलर कार्डधारकांकडे जात होते, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाच्या पदरी १,१३३ डॉलर पडत होते. या रीतीने पैसा गरिबाकडून श्रीमंताकडे वाहतो, हाही त्यांचा निष्कर्ष होता.

तिसरी वाट अधिक खोल आहे. भारतात अनेक कार्डांवरील व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के इतका पडतो. एखाद्या लिपिकाचे पन्नास हजार रुपये थकले, तर महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावरील अठरा टक्के कर ३१५ रुपये, असे २,०६५ रुपये होतात. त्याने २,५०० रुपये भरले, तर मूळ कर्जातून कमी होतात ते अवघे ४३५ रुपये. शिवाय बाकी थकल्यावर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही लाभत नाही. दोन हजार रुपयांच्या कूपनाचा आनंद असा एका महिन्याच्या व्याजात विरून जातो. वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा या मर्यादेचाही आधार आता राहिलेला नाही.

यावर हिशेबी मनुष्य म्हणेल की, 'प्रत्येक देयक मुदतीपूर्वी पूर्ण फेडले, कोणालाही फसविले नाही. मग दोष कसला?' त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. बँकेने स्वतः देऊ केलेली भेट अटी पाळून घेणे हा गुन्हा नव्हे. एकच कार्ड ठेवून ते शिस्तीने वापरणाऱ्याला तर ती उपयुक्त सोय आहे.

तथापि त्याचा हिशेब दोन ठिकाणी अपुरा पडतो. पहिले असे की, भेटीसाठी ठरावीक रकमेची खरेदी करावी लागते, आणि ती रक्कम गाठण्यासाठी गरज नसलेली वस्तू घरात येते. कार्डे चार झाली की देयकांच्या तारखाही चार होतात. घरातले आजारपण, लांबलेला पगार किंवा साधी विस्मृती यांतील एकही कारण वर्षभराची कमाई बुडविण्यास पुरेसे असते. प्रत्येक अर्जाची नोंद पतमाहिती कंपनीकडे होते, आणि थोड्या अवधीत अनेक अर्ज केले तर पतगुणांक खालावू शकतो. उद्या घरासाठी कर्ज काढावयाचे झाल्यास तीच नोंद आडवी येते. शंभरातील काहींचा तरी पाय घसरणारच, या भरवशावर भेटींचे गणित बसविलेले असते. जो जिंकतो तो आपली कथा चारचौघांत सांगतो. जो हरतो तो गप्प बसतो. म्हणून शिक्षक-खोलीत ऐकू येतात त्या सगळ्या कथा विजयाच्याच असतात.

दुसरे असे की, हा खेळ जिंकणाऱ्यालाही बँकेवर मात केल्याचा भ्रमच होतो. बँकेच्या तिजोरीला त्याने धक्का लावलेला नसतो. त्याच्या विमानप्रवासाचा खर्च वाटून घेतात ते कोपऱ्यावरच्या दुकानात रोखीने साबण घेणारी मोलकरीण, आणि शेजारच्या टेबलावर बसून दरमहा किमान रक्कम भरत राहिलेला त्याचाच सहकारी.

व्यक्तीच्या विवेकावर सारे सोपवून मात्र भागणार नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांनी न मागितलेले कार्ड पाठविण्यास मनाई केली. तसेच बाकी नसलेले कार्ड मागणीनंतर कामकाजाच्या सात दिवसांत बंद न केल्यास दिवसाला पाचशे रुपये दंड बसविला. ही पावले स्तुत्य आहेत. आता आणखी दोन पावले टाकावयास हवीत. व्याजाचा दर अटींच्या पत्रकात असतो, भेट मात्र जाहिरातीच्या मथळ्यात असते. त्याच मथळ्यात, तेवढ्याच ठळक अक्षरांत वार्षिक व्याजदर छापणे सक्तीचे व्हावे. दुसरे, युरोपीय संघाने २०१५ साली कार्ड देणाऱ्या बँकेला दुकानदाराच्या बाजूने मिळणाऱ्या शुल्कावर व्यवहाराच्या ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे डेबिट कार्डावरील शुल्काला मर्यादा आहे. क्रेडिट कार्डालाही ती लागू करण्याचा विचार व्हावा. मग भेटी लहान होतील हे खरे. पण त्यांचा भार न घेणाऱ्यांच्या माथी बसणार नाही.

आवळा देऊन कोहळा काढणे ही सावकाराची जुनीच रीत आहे. नवे आहे ते इतकेच की, आवळा एकाच्या हाती पडतो आणि कोहळा दुसऱ्याच्या परसातून जातो. हिशेब येणाऱ्या सुशिक्षिताने तो परसापर्यंत नेऊन पुरा करावा, एवढीच अपेक्षा आहे.