चार सेकंदांत तीन पिढ्या मावत नाहीत



मी धडगाव भागातल्या एका पाड्यावरची पोर. पत्रकारितेचा डिप्लोमा करते. या शिक्षणात दोन महिने एखाद्या पेपरात नाहीतर टीव्हीच्या चॅनेलमध्ये जाऊन काम शिकावं लागतं. कॉलेजात त्याला इंटर्नशिप म्हणतात. आपल्या भाषेत उमेदवारी: पगार नाही, चहा मिळतो. या उन्हाळ्यात मी जिल्ह्याच्या गावी एका केबल चॅनेलमध्ये होते.

परत आल्यावर संघटनेच्या बैठकीत काही जण म्हणाले, "ते चॅनेल आपलं नाही, पोरीला तिथं पाठवलीच कशाला?" दुसरे म्हणाले, "बरं झालं, आता आपल्या बातम्या रोज लागतील." मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते लिहिते. तिथं माझ्या हातून एक चूक झाली, तीही लिहिते. कारण ती एका माणसाच्या जमिनीला लागली.

आधी ते काम कसं चालतं ते सांगते. एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक कॅमेरा, बातम्या बघणारे एक सर आणि चार माणसं. संध्याकाळी सातला अर्धा तास बातम्या. त्याच रात्री दहाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. त्या अर्ध्या तासात सोनाराची, क्लासची आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची जाहिरात. उरतात वीस मिनिटं आणि बातम्या पंधरा. म्हणजे एका बातमीला जेमतेम मिनिट-सव्वा मिनिट. त्यात वाचणारीचं बोलणं आलं, चित्रं आली, आणि ज्याच्यावर गुदरलं त्याचं बोलणं आलं. त्याला तिथं बाईट म्हणतात. तो चार-पाच सेकंदांचा असला की सर खूश.

ती माणसं आपली दुश्मन नाहीत. त्यांचाही पगार थोडा आणि घाई फार. पण घाईत एक गोष्ट होते. ज्याचा कागद आधी येतो, त्याची बातमी होते. सरकारी खात्याचा टाईप केलेला कागद दुपारी दोनलाच येऊन पडलेला असतो. आपला मोर्चा चारला संपतो. निवेदनाची एक प्रत साहेबाला, एक पोच म्हणून आपल्याकडे, आणि आपण एसटी पकडतो. चॅनेलला प्रत द्यायची कुणाला आठवणच नसते. मग बातमी लिहिणारा काय करेल? समोर आहे तो कागद उतरवेल. त्या कागदात शब्द असतो "अतिक्रमणधारक".

हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात बघितला. "वनजमिनीवर अतिक्रमण करणाऱ्यांचा मोर्चा", अशी पट्टी खाली पळत होती. मी सरांना म्हटलं, "सर, हे लोक दावेदार आहेत. कायद्यात दावेदार म्हटलंय." सर म्हणाले, "कायदा दाखव." पिशवीत संघटनेची वनहक्क कायद्याची पुस्तिका होती. कलम ४ चं पाचवं पोटकलम दाखवलं: दाव्याची मान्यता आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या जमिनीवरून कुणाला काढता येत नाही. सरांनी दोनदा वाचलं. रात्री दहाच्या बातमीत "दावेदार" आलं. मला फार आनंद झाला. दहा दिवसांनी दुसऱ्या तालुक्याची बातमी आली, लिहिणारा दुसरा होता, आणि पुन्हा "अतिक्रमण". एका पोरीनं एकदा सांगून शब्द बदलत नाही हे त्या दिवशी समजलं.

शब्दानं काय होतं, असं कुणी म्हणेल. २००२ साली ३ मे रोजी दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाचं पत्र निघालं, की जंगलातली अपात्र अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत काढा. त्या पत्रात नेवाड नव्हती, आजा-पणजा नव्हता. नुसता तोच शब्द होता. पुढं देशभर आदिवासींनी झगडून २००६ चा कायदा करवून घेतला. त्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की जंगलातल्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. कायद्यानं शब्द बदलला, पण टीव्हीच्या पट्टीवर तो अजून बदलला नाही. शहरातला माणूस रोज जेवताना ती पट्टी बघतो. उद्या आपलं झोपडं पाडायला गाडी आली तर त्याला वाटेल, अतिक्रमणच होतं, काढलं.

आता माझी चूक.

एका पाड्यावर नाकेदारानं पेरलेल्या शेतात गुरं घातली, अशी तक्रार आली. सरांनी मला कॅमेऱ्यावाल्यासोबत पाठवलं. माईक माझ्या हातात. शेतवाले काका पन्नाशीचे. माझ्याकडे बघून आधी विचारलं, "कुणाची पोर तू?" मी बाचं नाव सांगितलं. ते हसले. मग कॅमेरा सुरू झाला आणि मी मराठीत विचारलं, "ही जमीन तुम्ही किती वर्षांपासून कसता?"

काका घाबरले. मराठी त्यांची तुटकी. म्हणाले, "पाच वर्सं झाली."

मला माहीत होतं की हे अर्धं उत्तर आहे. मी पावरीत पुन्हा विचारलं. मग ते मोकळे झाले. पाच वर्षांपूर्वी बा वारला, तेव्हापासून माझ्याकडे. त्याआधी बा कसायचा. त्याच्याही आधी आज्यानं दगड वेचून बांध घातला, तो बघ. बाच्या नावाची दंडाची पावती घरात आहे. हे सगळं वीस सेकंदांचं. मी दोन्ही उत्तरं घेऊन आले, सरांना दिली आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून निघाले.

सातला बातमी लागली. त्यात चार सेकंदांचा बाईट होता: "पाच वर्सं झाली."

कायद्याची तारीख तुम्हाला पाठ आहे. १३ डिसेंबर २००५. त्याच्या आधीपासून ताबा पाहिजे. त्या चार सेकंदांनी काकांची नेवाड तारखेच्या अलीकडे आणून ठेवली. पंधरा दिवसांनी पडताळणीला आलेला माणूस म्हणाला, "टीव्हीवर तूच बोललास ना?" नियम १३ मधली पुराव्यांची यादी मी वाचली आहे. तिच्यात टीव्हीचा बाईट कुठं नाही. पण साहेबाच्या डोक्यात एकदा बसलं की काढायला त्रास होतो. ग्रामसभेनं ठराव केला, दोन म्हाताऱ्यांचा लेखी जबाब घेतला, बाच्या नावाची पावती आणि आज्याच्या बांधाचा पंचनामा जोडला. दावा आता उपविभागीय समितीकडे आहे. मी काकांकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "पोरी, तू मराठीत विचारलं म्हणून मी मराठीत घाबरलो."

सरांनी मुद्दाम केलं नाही. त्यांना चार सेकंद पाहिजे होते, वीस सेकंदांचं पावरी बोलणं त्यांना समजलं नाही. ते सांगायला मी तिथं थांबायला पाहिजे होतं. नाहीतर पहिलं उत्तर द्यायलाच नको होतं. बातमीच्या खोलीत आपलं माणूस असणं पुरत नाही. ते माणूस कुणाला बांधलेलं आहे ते बघावं लागतं. त्या दिवशी मी एसटीला बांधलेली होते.

म्हणून माझं मत असं. पोरांना पाठवा. पेपरात पाठवा, चॅनेलला पाठवा. पण एकटं सोडू नका. आणि बातमीवर विसंबून राहू नका. बातमीनं दावा मंजूर होत नाही. तो ग्रामसभेच्या ठरावानं आणि पुराव्यानं होतो. फेटाळला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करावा लागतो, तो टीव्ही करून देत नाही. पण बातमी चुकीची लागली तर आपलं काम दुप्पट होतं, हे काकांच्या दाव्यानं दाखवलं.

गावांनी एवढं करावं:

मोर्चा असो की मारहाण, एका पानावर लिहा: गाव, तारीख, काय झालं, किती दावे, कधी दाखल केले, ठराव कोणता. मोर्चाच्या दिवशी ते पान दुपारी दोनच्या आत चॅनेलला पोचवा. निवेदन साहेबाला देण्याआधी.

त्या पानावर "दावेदार" लिहा. आपणच आपल्या बोलण्यात "आमचं अतिक्रमण" म्हणतो, ते बंद करा. आपल्या जुन्या दंडाच्या पावत्यांत हाच शब्द आहे, खरं. त्या पावत्या फाडू नका. आपल्याला चोर ठरवायला ज्या फाडल्या, त्याच आज आपला ताबा सांगतात. पण तोंडात तो शब्द ठेवू नका.

कोण बोलणार ते आधी ठरवा. बाई कसत असेल तर बाईच बोलेल. आपल्या भाषेत बोला, मराठीत उलटवणारं माणूस शेजारी उभं करा. आणि पहिलं वाक्य आज्यापासून सुरू करा: "ही जमीन माझ्या आज्यानं फोडली." चार सेकंदच घेतले तरी आजा त्यात येतो. तुमचं स्वतःचं वर्ष शेवटी सांगा.

बातमी चुकीची लागली तर गप्प बसू नका. ग्रामसभेच्या सहीशिक्क्याचं पत्र द्या, पोच घ्या. पत्र गेलं की पुढच्या वेळी लिहिणारा थांबून विचारतो. एकदा सांगून होत नाही, दहादा सांगावं लागेल.

आणि आम्हा शिकणाऱ्या पोरांना एकच: बातमी लागेपर्यंत खोली सोडायची नाही. एसटी चुकली तर चुकली. स्टँडवर झोपता येतं. गेलेली जमीन मागायला मात्र तीन पिढ्या जातात.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. कागद कसा लिहायचा ते दाखवायला मी येईन. पावरीतच सांगेन.

जिंदाबाद.

— तुमच्यातलीच एक विद्यार्थिनी