पंचवीस : आधी पाच की आधी दोन?

पावसाबरोबर सुरू झालेल्या शाळा आता स्थिरावल्या आहेत. पहिलीत ओळख झालेले दोन अंकी आकडे दुसरीच्या वर्गात या दिवसांत पक्के करून घेतले जातात. दहा काड्या मोजायच्या, त्यांना रबर लावून गठ्ठा बांधायचा. गठ्ठा म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक. काही शाळांत शंभर मण्यांची माळ असते, तीत दहा-दहा मणी आलटून पालटून दोन रंगांत ओवलेले असतात. कोठे दहाच्या खेळातल्या नोटा व रुपयाची नाणी वापरतात. साधन कोणतेही असो, धडा एकच आहे : अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते. 25 मधील 2 म्हणजे दोन नव्हे, वीस.

या धड्याची परंपरा फार जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात एक, दश, शत येथपासून महाक्षोभापर्यंत 24 स्थानांची नावे दिली. आपल्या सात वर्षांच्या बालकाची वाटचाल त्यांपैकी पहिल्या दोन स्थानांपाशी चालू आहे, आणि तेथेच त्याची खरी कसोटी लागते.

ही कसोटी गणिताची कमी व भाषेची अधिक आहे. बाई 'पंचवीस' म्हणतात तेव्हा मुलाच्या कानावर पाच आधी पडतो, वीस नंतर. लिहिताना मात्र आधी 2 लिहायचा असतो. जे ऐकले त्याच क्रमाने मूल लिहिते आणि पाटीवर 52 उमटतात. हे मूल बेसावध नसते. उलट ते कान देऊन ऐकत असते. त्यात भर म्हणजे 'एकोणतीस' : लिहायचे विशीत आणि नाव घ्यायचे तिसाचे. एकोणनव्वदपर्यंत ही रीत अंगवळणी पडते न पडते तोच पुढे 'एकोणशंभर' न येता 'नव्याण्णव' येते. त्र्याहत्तर, त्र्याऐंशी ही जोडाक्षरे जिभेलाही जड जातात. आपल्यांपैकी अनेक घरांत बोलली जाणारी गुजराती किंवा मारवाडी याच वळणाची आहे. याउलट निपाणी-बेळगावकडील वाचक जाणतात की कानडीत 'इप्पत्तैदु' म्हणजे आधी वीस, मग पाच. उच्चार आणि लेखन एकाच दिशेने जातात.

हीच अडचण ओळखून बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची रीत आली. गणित समितीच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांना संख्येची रचना सहज उमगावी, गणिताची भीती वाटू नये, हा त्यामागील हेतू होता. त्यावर मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांत लेख आले, विधिमंडळातही चर्चा झाली, थट्टाही पुष्कळ झाली. मराठीची मोडतोड होते असे एक पक्ष म्हणत होता. मुलाला आधी समजू द्या, असे दुसरा.

शांतपणे पाहिले तर दोन्ही पक्षांजवळ अर्धे-अर्धे सत्य आहे. 'वीस पाच' म्हटल्याने गठ्ठा व सुटे यांचे चित्र मुलाच्या मनात चटकन उभे राहते, हे खरे. 'पंचवीस' हा शब्द हरवला तर बाजारातला माणूस काय म्हणतो ते त्याला कळणार नाही, हेही खरे. मात्र या वादात एक गोष्ट बाजूला राहिली. दशक-एकक ही समज वर्गात देता येते. शंभर नावे मात्र केवळ वर्गात रुजत नाहीत. ती कानावरून जातात तेव्हाच जिभेवर येतात, आणि कानावर पडण्याची जागा पुस्तक नसून घर आणि दुकान ही आहे.

पूर्वी ती जागा आपोआप मिळत असे. गल्ल्याशेजारी बसलेल्या पोरासमोर दिवसभर आकडे बोलले जात : पावणेदोनशे ग्रॅम, सव्वाशे रुपये, त्रेसष्ट वजा जाता उरले सदतीस. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही पाढ्यांची भावंडे घरात म्हटली जात. आता गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते, रक्कम पडद्यावर दिसते, आणि ती मोठ्याने उच्चारणारी असते गल्ल्यावरची छोटी पेटी. माणसे आकडे बोलेनाशी झाली. त्यातून मूल इंग्रजी माध्यमात असेल तर अडुसष्ट म्हणजे किती, हे ते आजीला इंग्रजीत विचारते.

यात हानी कोणाची? उद्या हेच मूल पेढीवर बसेल. खेड्यातून आलेला शेतकरी 'एकोणसत्तर पोती' म्हणेल आणि आपला चिरंजीव क्षणभर गोंधळेल. त्या क्षणात हिशेब बिघडेलच असे नाही. पण समोरच्याला वाटेल की या गादीवर आपली भाषा कळणारे आता कोणी उरले नाही. व्यापार विश्वासावर चालतो, आणि विश्वासाचा पहिला धागा बोलीचा असतो.

म्हणून या महिन्यात शाळेच्या जोडीने घरानेही थोडे करावे. मुलाने 52 लिहिले तर रागावू नये. सुटी नाणी व दहाच्या नोटा पुढे ठेवून 'पंचवीस काढून दे' असे म्हणावे. त्याचा हात दोन नोटा आणि पाच नाणी उचलेल, आणि मग तो आपणच 25 लिहील. भाजी आणताना, दूधवाल्याचा हिशेब करताना रक्कम मराठीत मोठ्याने बोलावी. फोन क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी सांगावा व मुलाकडून लिहून घ्यावा. आजी-आजोबांनी रोज पाच मिनिटे दिडकी म्हणून घ्यावी; त्यांच्याइतका उत्तम शिक्षक या विषयाला मिळणार नाही.

मूल थोडे मोठे झाले की त्याला दिवाणजींची एक खूण सांगावी. रोजमेळ जुळत नसेल आणि फरकाला नवाने नि:शेष भाग जात असेल, तर पहिला संशय अंकांच्या अदलाबदलीचा घ्यावा. 25 च्या जागी 52 पडले तर फरक 27, म्हणजे तीन नवे. 18 च्या जागी 81 पडले तर 63, म्हणजे सात नवे. कोणतेही दोन अंक उलटले तरी फरक नवाच्या पाढ्यातच येतो. कारण जागा बदलली की त्या अंकाची किंमत दसपट होते किंवा दहावा हिस्सा उरते. दुसरीच्या वर्गात काड्यांच्या गठ्ठ्याने जे शिकवले जात आहे, तेच वहीच्या शेवटच्या पानावर शिल्लक जुळवते.