सुभेदारापुढची भिंत

१/ ‘इंग्रज गेले, पण जाताना नेतृत्वाचे शिक्षण दिलेले सैन्य मागे ठेवून गेले,’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजतेने उच्चारले जाते की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. आज तो मागू. #थ्रेड

२/ शिस्त दिली, हे मान्य. परंतु पलटणीत शिपाई घडवणारा बहुधा गोरा साहेब नसे. जमादार आणि सुभेदार असत. नव्याने आलेल्या इंग्रज लेफ्टनंटला शिपायांची भाषा, रीतिरिवाज, रुसवेफुगवे समजावून सांगणाराही सुभेदारच.

३/ या सुभेदाराची शिडी मात्र सुभेदार-मेजरपाशी संपे. त्यापुढे भिंत. कालपरवा दाखल झालेला विशीतला इंग्रज त्याचा वरिष्ठ. १९१४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय सैनिक खुदादाद खान हेही सुभेदारपदापर्यंतच पोहोचले.

४/ समर्थनाला ‘लढाऊ जातीं’चा सिद्धांत तयार होताच. जो लढाऊ, तो अशिक्षित म्हणून अपात्र. जो सुशिक्षित, तो लढाऊ नाही म्हणून अपात्र. (युक्तिवादाची ही सोय दाद देण्याजोगी आहे.)

५/ १९१८ मध्ये सँडहर्स्टची दारे उघडली, ती वर्षाकाठी दहा भारतीयांसाठी. १९२३ मध्ये ‘आठ पलटणींची योजना’ आली: भारतीय अधिकारी नेमायचे ते याच आठ तुकड्यांत, म्हणजे कोणा इंग्रजावर भारतीयाचा हुकूम ऐकण्याची वेळ येऊ नये. पाचव्या मराठा रेजिमेंटची पाचवी पलटण या आठांपैकीच एक. याला शिक्षण म्हणावे की विलगीकरण?

६/ १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी निघाली. सॅम माणेकशा तिच्या पहिल्या तुकडीतले. इथली मेख फारशी सांगितली जात नाही. भारतीयीकरण होत असलेल्या पलटणींत सुभेदार-जमादारांकडची प्लाटून काढून या नव्या भारतीय अधिकाऱ्यांना देण्यात आली. इतर पलटणींत जे काम सुभेदार करी, तेच यांच्या वाट्याला. अधिकाऱ्याची पायरी उतरवली आणि शिपायाची होती ती शिडीही काढून घेतली. एका दगडात दोन पक्षी.

७/ मग महायुद्ध आले आणि गरजेने सिद्धांताला रजा दिली. १९३९ मध्ये हजाराच्याही आत असलेले भारतीय अधिकारी १९४५ पर्यंत आठ हजारांच्या वर गेले. सैन्य पंचवीस लाखांचे झाले. ज्या पात्रतेला अजून पिढ्या लागतील असे सांगितले जात होते, ती सहा वर्षांत कुठून उगवली?

८/ ती आधीपासून तिथेच होती. १० जुलै १९४४, इटली, टायबरचे वरचे खोरे. तिसऱ्या मराठा पलटणीतले नाईक यशवंत घाडगे, आजच्या रायगड जिल्ह्यातले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. सोबत येणारे कोणी उरले नव्हते. त्यांनी ग्रेनेड टाकून गन बंद पाडली आणि एकट्याने मोर्चावर चाल केली; मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. मोर्चा घेतला आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. हुद्दा नाईक, जमादाराच्याही खालचा.