रंग अनेक, पाणी एकच

गेल्या वर्षीं मधल्या सुटींत नववीच्या कांहीं मुलांचा वाद आमच्या कानीं आला. विषय ‘माउंटन ड्यू’ ह्या शीतपेयाचा होता. तांबडें श्रेष्ठ, नारिंगी श्रेष्ठ कीं निळें, ह्यावरून हमरीतुमरी चालली होती. आणि मौज ही कीं, परदेशांत मिळणारे ते प्रकार त्यांतील एकानेंही चाखलेले नव्हते. पडद्यावर पाहिलेल्या जाहिरातींवरच सारा पक्षाभिमान उभा होता! जी वस्तु जिभेवर न येतांच मनांत घर करिते, तिच्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

हें पेय मूळचें अमेरिकेंतील टेनेसी राज्यांतलें. १९४० नंतरच्या दशकांत नॉक्सव्हिल शहरीं हार्टमन बंधूंनीं तें व्हिस्कींत मिसळण्यासाठीं तयार केलें. ‘डोंगरावरचें दंव’ हा नांवाचा अर्थ मोठा सोज्ज्वळ दिसतो; परंतु त्या डोंगराळ मुलखांत चोरून गाळलेल्या दारूस हेंच टोपणनांव होतें. १९६४ मध्यें पेप्सी कंपनीनें हें पेय आपल्याकडे घेतलें. प्रथम जाहिरातींत डोंगरी गांवढळ होता; १९९० नंतरच्या दशकांत जिवावर उदार होऊन उड्या टाकणारे तरुण आले; २००७ सालीं संगणकावरील खेळांच्या शौकिनांसाठीं ‘गेम फ्युएल’ निघालें. गिऱ्हाईक बदललें, तसा वेष बदलला.

स्वादांचेंही तसेंच. २००१ सालीं चेरीच्या स्वादाचें तांबडें ‘कोड रेड’, २००३ मध्यें नारिंगी ‘लाइव्हवायर’. पुढें तर नवा स्वाद ठरविण्यासाठीं कंपनीनें गिऱ्हाइकांची निवडणूकच मांडली, आणि २००८ मध्यें तींत निळें ‘व्होल्टेज’ विजयी झालें. मत देणाऱ्यास वाटतें, आपण राजे झालों. परंतु उमेदवार कोण होते? अमेरिकेंतील ३५५ मिलिलिटरच्या मूळ डब्यांत ४६ ग्रॅम साखर व ५४ मिलिग्रॅम कॅफीन असतें. ह्या रंगीत भावंडांतही प्रमाण जवळजवळ तेंच. बिनसाखरेचें भावंडही आहे, पण कॅफीन त्यासही सुटलेलें नाहीं.

आम्हीं त्या मुलांस प्रयोगशाळेंत नेलें आणि तराजूवर ४६ ग्रॅम साखर तोलावयास लाविली. चहाचे अकरा चमचे पारड्यांत पडले, तेव्हां वाद आपोआप थांबला. “सर, एवढ्या साखरेंत आमच्या घरीं सगळ्यांचा चहा होतो,” एक मुलगा हळूच म्हणाला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्यें असें सुचविलें आहे कीं, अशी वरून घातलेली साखर दिवसाकांठीं शक्य तों २५ ग्रॅमांच्या आंत असावी.

आपल्या देशांत हें पेय २००३ मध्यें आलें, आणि ‘डर के आगे जीत है’ हें त्याचें घोषवाक्य पोरांच्या तोंडीं बसलें. वाक्य खोटें नाहीं. भीतीच्या पलीकडे जय असतोच. परंतु गणितास भिणारा मुलगा पहांटे उठून उदाहरणें सोडवितो, तेव्हां त्यास तो मिळतो. दुकानांत तो मिळत नाहीं.

पालकहो, आम्ही ह्या पेयास विष म्हणत नाहीं. सणासमारंभीं एखादा पेला घेतल्यानें कोणी बिघडत नाहीं. अतिसाखरेचे पदार्थ शाळेच्या आवारांत व फाटकापासून ५० मीटरांच्या आंत विकूं नयेत, असा २०२० चा नियमही आहे. परंतु जाहिरात ५० मीटरांवर थांबत नाहीं. ती हातांतल्या फोनवाटे जेवणाच्या पाटापर्यंत येते. तेथें पहारा आपणच केला पाहिजे. म्हणून बाटली घरीं आली, तर तिच्या पाठीमागचा बारीक मजकूर मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्यावा. पुढची बाजू विकणाऱ्यानें सजविलेली असते. मागची कायद्यानें लिहावयास लाविलेली असते. आमच्या विद्यार्थ्यांनीं दोन्ही वाचाव्या, आणि मग खुशाल निवड करावी.