पाय न हलवता

आमच्या मसोलीत पोहणं कुणी शिकवत नाही, ते येतं. भरती लागली की पोरं पाण्यात. कोण किती वेळात कुठे पोचलं, हे मोजायची पद्धत मात्र नाही. म्हणून परवा पुतण्या मोबाईलवर मुरलीकांत पेटकरांवरचा 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा बघत होता, तेव्हा मुद्दाम विचारलं, "पेटकरांनी पन्नास मीटर किती सेकंदांत मारले रे?"

"गोळ्या लागल्या होत्या, ते माहितीय. सेकंद कोण लक्षात ठेवतो, काका?"

त्याचं काय चुकलं? आपण पेपरवालेही अशा खेळाडूवर लिहिताना आधी अपघात लिहितो, मग जिद्द आणि शेवटी डोळ्यांतलं पाणी. वेळ लिहायला जागाच उरत नाही.

तर ती वेळ ३७.३३ सेकंद. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, ५० मीटर फ्रीस्टाइल, सुवर्णपदक आणि विश्वविक्रम. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर मूळचे लष्करातले बॉक्सर. १९६५च्या युद्धात जखमी झाले आणि कमरेखालचं अंग गेलं. पाण्यात उतरवलं ते उपचार म्हणून. फ्रीस्टाइलमध्ये पायांचा मार नुसता पुढे ढकलत नाही, अंग पाण्यावर आडवं धरून ठेवतो. तो नसला की कंबर बुडते आणि पाणी मागे खेचतं. म्हणजे खांद्यांनी पुढेही जायचं आणि स्वतःचंच ओझंही ओढायचं.

करमाळ्याच्या सुयश जाधवचं गणित नेमकं उलटं. लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात कोपरापासून गेले. २०१८ला जाकार्तात आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतलं ते ५० मीटर बटरफ्लायमध्ये. जिथे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकावे लागतात, तोच प्रकार! नागपूरच्या कांचनमाला पांडे यांना दिसत नाही. अंध जलतरणपटूंच्या शर्यतीत भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीने अंगाला टोकतो. तो टोला क्षणभर उशिरा पडला, तर डोकं भिंतीवर. त्यांनी २०१७ला मेक्सिकोत जागतिक स्पर्धेचं सुवर्ण आणलं, तेही २०० मीटर मेडलेचं, म्हणजे चारही प्रकार पोहून.

पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. ४६ वर्षं. हे घड्याळ मात्र आपलं, त्यांचं नव्हे.

हे सगळं ऐकवल्यावर पुतण्या काही बोलला नाही. संध्याकाळी कमरेएवढ्या पाण्यात आडवा झाला आणि पाय सैल सोडून नुसते हात मारू लागला. मी काठावर मोबाईलमधलं घड्याळ लावलं. आठ-दहा हात मारून उभा राहिला, नाकातोंडात पाणी.

"काका, पाय खाली ओढतात हो," म्हणाला. "पुन्हा लावा."